ग्रीक नावं फोडायची कशी? चष्म्याच्या चिठ्ठीपासून वाघोलीच्या दगडापर्यंत

दगड ओळखायला शिकताना पहिले काही महिने दगडांपेक्षा नावंच जास्त छळतात. अपोफिलाइट, स्कोलेसाइट, अनायसोट्रॉपिक, प्लिओक्रोइझम. पाठ केली तर परीक्षेपर्यंत टिकतात आणि खाणीवर गेलं की नेमकी उडतात. त्यापेक्षा ती फोडून वाचायची सवय लावावी. यातली बरीच नावं म्हणजे कुणीतरी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी दगड तापवून, तिरका धरून, घासून पाहिला, त्याची एका शब्दात केलेली नोंद आहे. त्यासाठी ग्रीक यायला हवं असं काही नाही. चाळीसेक तुकडे माहीत असले की काम भागतं, आणि त्यातले बरेचसे संस्कृतच्या वाटेने आपल्या बोलण्यात आधीच वावरत असतात, फक्त वेष वेगळा.

पुणेकरांना वर एक सोय आहे. शहराखालचा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या लाव्ह्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे गरम पाण्यातून त्यांत खनिजं वाढली. वाघोलीच्या खाणींतलं निळं कॅव्हॅन्साइट आणि पाषाणकडच्या जुन्या खाणींतलं हिरवं अपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. म्हणजे शब्द आणि वस्तू दोन्ही एका बसच्या अंतरावर.

आधी सामान

दहापट भिंग एक, घड्याळजी किंवा सोनार डोळ्याला लावतात तसं. ते डोळ्याला अगदी चिकटवून धरायचं आणि दगड जवळ आणायचा. अडीच सेंटिमीटरवर चित्र स्पष्ट होतं. नवखा माणूस भिंग हातभर लांब धरतो आणि 'काही दिसत नाही' म्हणतो. एक पोलरायझ्ड गॉगल, म्हणजे एका ठरावीक दिशेने कंपणारा प्रकाशच आत सोडणारा. घरातला एलसीडी पडद्याचा लॅपटॉप. भिंतीच्या टाइलचा तुटका तुकडा, कारण त्याच्या मागच्या खरखरीत बाजूवर खनिजाचा कस, म्हणजे घासल्यावर उमटणारी रेघ, पाहता येतो. थोडं पांढरं व्हिनेगर. शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक. आणि पोस्टकार्डाएवढी पन्नास कोरी कार्डं.

दगड पाच पुरेत: अपोफिलाइट, स्टिल्बाइट, स्कोलेसाइट, कॅल्साइट आणि एखादी जांभळट गारगोटी. अंगठ्याएवढे चालतात. चालू खाणीत सुरुंग उडतात, तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. टेकड्यांवर छिन्नी-हातोडा घेऊन जाऊ नका. विकत घ्या, कॉलेजच्या संग्रहात पाहा, किंवा एक दिवस काढून सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जा. तिथे याच दगडांचे असे नमुने आहेत की आपल्या कपाटातले लपवून ठेवावेसे वाटतात.

प्रत्येक कार्डावर चार ओळी: नाव, त्याचे तुकडे, नाव ठेवणाऱ्याने काय पाहिलं, आणि आज माझ्या हातात काय दिसतं. चौथी ओळ रिकामी असेल तर ते कार्ड अपुरं समजा.

पायरी पहिली: शेपटीकडून सुरुवात

शब्द मागून फोडायचा, कारण शेवटचा तुकडा सांगतो की हे प्रकरण दगडाचं आहे, उपकरणाचं की आकाराचं.

'-आइट' हे ग्रीक '-इटेस'. अर्थ 'अमक्याचा, तमक्याशी संबंधित'. गावाच्या नावालाही ते लागायचं: स्टॅगिरा गावचा म्हणून अॅरिस्टॉटल 'स्टॅगिराइट'. म्हणजे आपला '-कर'च. पुणेकर, वाघोलीकर, तसा हेमाटाइट म्हणजे 'रक्तकर' (हायमा म्हणजे रक्त). हेमाटाइटचा तुकडा बहुधा काळा-करडा दिसतो, मग रक्त कुठून आलं? टाइलच्या मागे घासा. कस गेरूसारखा तांबडा उमटतो. नाव वरच्या रंगाला फसलेलं नाही, ते पुडीचा रंग सांगतं.

'-लाइट' म्हणजे 'लिथॉस', दगड. '-ऑइड' म्हणजे 'एइडॉस', रूप, '-सारखं दिसणारं'. '-स्कोप' पाहणं, '-मीटर' मोजणं, '-हेड्रल' पृष्ठांचं, '-गोनल' कोनांचं, '-क्लिनिक' कललेलं, '-ट्रॉपिक' दिशेचं, '-क्रोइझम' रंगाचं. एवढ्यावर अर्ध्याहून जास्त पाठ्यपुस्तक उघडतं.

फसगत होते ती 'लाइट' आणि 'आइट' यांत. हॅलाइट, म्हणजे खनिज मीठ, हे 'हॅ' अधिक 'लाइट' नव्हे. 'हाल्स' म्हणजे मीठ, त्याला '-आइट'. शंका आली तर 'लाइट' काढून उरलेल्या तुकड्याला काही अर्थ राहतो का ते बघा. नॅट्रोलाइट या खनिजातून 'नॅट्रो' उरला तर नॅट्रॉन, म्हणजे सोडियमचा खार, ठीक. 'हॅ' उरला तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी कापलं आहे.

पायरी दुसरी: पुढचा तुकडा

इथे मराठी माणसाचं घर लागतं. ग्रीक नकार 'अ-', आणि पुढे स्वर आला तर 'अन्-'. आपलाही नियम अक्षरशः तोच: अशुद्ध, पण अनादि. अमॉर्फस: अ + मॉर्फे (आकार), म्हणजे ज्याला स्फटिकाची घडण नाही असं, काचेसारखं. अनायसोट्रॉपिक: अन् + इसॉस (समान) + ट्रॉपॉस (वळण, दिशा), वेगवेगळ्या दिशांना वेगळं वागणारं. आपल्या परिभाषेत 'समदिक्' आणि 'विषमदिक्' असे शब्द आहेत; ज्याने ते घडवले त्याने ग्रीक तुकड्यासमोर तुकडा ठेवला आहे. हिऱ्यासारख्या चकाकीला 'अॅडमँटाइन' म्हणतात. अडामास म्हणजे अ + दामाओ (वठणीवर आणणं, दमन करणं). अ आणि दम्, दोन्ही तुकडे आपलेच. शब्द झाला 'अदम्य'.

दिशादर्शक तुकडेही ओळखीचे: आपो = अप, पेरी = परि, हिपो = उप, हिपर = उपरि. पेरिमीटर म्हणजे परि + मात्रा. 'एउ-' म्हणजे 'सु-': युहेड्रल स्फटिक तो, ज्याची पृष्ठं सुबक वाढली आहेत, पोकळीत मोकळी जागा मिळाली की असा वाढतो. अनहेड्रल तो, ज्याला शेजाऱ्यांनी चेपल्यामुळे एकही पृष्ठ धड आलं नाही.

पायरी तिसरी: चार ध्वनिनियम

हा भाग नीट जिरवा. बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

एक. आपल्या शब्दाच्या सुरुवातीला स असेल तिथे ग्रीकमध्ये बहुधा ह सापडतो. सप्त आणि हेप्टा. सम आणि होमॉस. 'हेड्रा' म्हणजे बैठक, वस्तू जिच्यावर बसते ती बाजू; इकडे सद् म्हणजे बसणे, त्यातून सदन आणि संसद. ऑक्टाहेड्रन म्हणजे अष्ट + सद, आठ बैठकींचा. स्फटिक टेबलावर ठेवून पाहा, तो खरंच एका हेड्रावर बसतो.

दोन. आपले घोष महाप्राण ग्रीकमध्ये अघोष होतात: भ चा फ, ध चा थ, घ-ह चा ख. 'फोस' म्हणजे प्रकाश, इकडे भा, आभा, प्रभा. 'फेरो' म्हणजे वाहून नेणं, इकडे भृ. फॉस्फरस म्हणजे फोस + फोरॉस, प्रकाश वाहणारा. 'क्लोरॉस' म्हणजे हिरवट-पिवळा, इकडे हरि आणि त्यातून हरित. म्हणून हिरवं क्लोराइट. आणि 'मेथी'... हसू नका, ग्रीक मेथी म्हणजे मद्य, इकडे मधु. त्याला अ लावला की 'अमेथिस्टॉस', न झिंगलेला. तुमच्या संग्रहातली जांभळट गारगोटी ती हीच, अॅमेथिस्ट. तो जवळ असला की दारू चढत नाही अशी ग्रीकांची समजूत. 'थेर्मॉस' म्हणजे उष्ण, आणि त्याचा भाऊ संस्कृत घर्म, म्हणजे आपला घाम. इथे घ चा थ झाला आहे कारण मूळ ध्वनी घ आणि व यांच्या मधला होता. नवख्याने एवढं ध्यानात ठेवावं की थर्मास आणि घाम एका घरचे.

तीन. जुना व ग्रीकमध्ये गळतो. एइडॉस (रूप) समोर विद्. 'होलॉस' (संपूर्ण, होलोग्राममधलं) समोर सर्व: स चा ह, र च्या जागी ल, व गायब. एका शब्दात तीन बदल, तरी नियम मोडलेला नाही.

चार. आपल्याकडे अ, ए, ओ हे तीन जुने स्वर मिळून एक अ झाला. ग्रीकने वेगळे ठेवले. म्हणून डेका समोर दश, ऑक्टो समोर अष्ट, पेंटे समोर पंच. 'गोनिया' म्हणजे कोन, 'गोनि' म्हणजे गुडघा, इकडे जानु. कोपरा म्हणजे वाकलेला गुडघा, ही कल्पना ग्रीकांची. आपला 'कोन' ऐकायला जवळचा वाटतो, पण नियमाने जुळणारा भाऊ जानु आहे.

याच नियमांनी खोटी जोडीही पकडता येते. 'फिलॉन' म्हणजे पान. लगेच 'फूल' आठवतं ना? पण ग्रीक फ समोर आपल्याकडे भ यायला हवा, फ नव्हे. जोडी बाद. कानाला गोड लागणं हा पुरावा नाही.

आणखी एक वेगळी गोष्ट: केंद्र आणि होरा हे शब्द ग्रीक 'केंट्रॉन' आणि 'होरा' इथून ज्योतिषाबरोबर आपल्याकडे आले. ते पाहुणे आहेत, भाऊ नव्हेत. कार्डावर दोन्हींसाठी वेगळी खूण करा.

सराव: चष्म्याची चिठ्ठी

दगड हातात येईपर्यंत घरातल्या चष्म्याच्या चिठ्ठीवर हात बसवा. तिच्यावर स्फिअर, सिलिंडर, अॅक्सिस असे तीन रकाने असतात. स्फायरा म्हणजे चेंडू. किलिंड्रॉस म्हणजे रूळ, गडगडणारी वस्तू. अॅक्सिस लॅटिन, ग्रीकमध्ये अॅक्सॉन, आपल्याकडे अक्ष, म्हणजे चाकाचा कणा. आता गंमत पाहा: 'ऑप्टिक' मधला 'ऑप' (डोळा, दृष्टी) आणि आपला अक्षि हेही भाऊ. अक्ष आणि अक्षि दिसायला जुळे, पण मुळं दोन. ग्रीकने फरक जपला आहे: कणा तो अॅक्सॉन, डोळा तो ऑप्स. आपल्याकडे दोन्हींचा क्ष झाला.

आपण 'नंबर' म्हणतो तो डायॉप्टरमध्ये असतो. डिया म्हणजे आरपार, अधिक तोच ऑप. नंबर म्हणजे मीटरमधल्या नाभीय अंतराचा (लांबून आलेला प्रकाश काचेमागे जिथे एकवटतो तिथपर्यंतच्या अंतराचा) व्यस्त. +२ चा वाचायचा चष्मा घ्या, खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडाकडे काच धरा आणि मागे पांढरा कागद पुढे-मागे करा. सुमारे ५० सेंटिमीटरवर झाडाचं उलटं चित्र उमटतं. ६० आलं तर बहुधा तुम्ही झाड सोडून खोलीतलीच तीन मीटरवरची खिडकी धरली आहे. वस्तू जवळ आली की चित्र लांब सरकतं. कागद कितीही हलवला तरी उभ्या फांद्या एका जागी आणि आडव्या तारा दुसऱ्या जागी स्पष्ट होत असतील, तर काचेत सिलिंडर आहे. तोच अस्टिग्मॅटिझम: अ + स्टिग्मा (टोचलेला ठिपका). किरणं एका ठिपक्यावर येत नाहीत, एवढंच शब्द सांगतो. उणे नंबरची काच कागदावर चित्र टाकणारच नाही, तिच्यावर वेळ घालवू नका.

मायोपिया म्हणजे मिएइन (मिटणं) + ऑप्स. लांबचं दिसत नाही तो डोळे बारीक करून बघतो, ती सवयच नावात आली. प्रेसबायोपिया म्हणजे प्रेसबिस (वडीलधारा) + ऑप्स. आपण त्याला चाळिशी म्हणतो, आणि ग्रीकपेक्षा आपला शब्द नेमका आहे.

तुमचं दहापट भिंगही याच हिशेबात बसतं: २.५ सेंटिमीटर नाभीय अंतर, म्हणजे ४० डायॉप्टर. भिंगाला 'लेन्स' म्हणतात तो शब्द लॅटिन, अर्थ मसूर. डब्यातला अख्ख्या मसुराचा एक दाणा काढून आडवा धरा.

पायरी चौथी: दगड हातात

फोडलेला शब्द दगडावर तपासायचा. ट्रेमध्ये पाच दगड मांडा.

वाघोली-पाषाणच्या तीन नावांचा जन्म एकाच हत्याराने झाला, फुंकनळीने. सोनार दिव्याची ज्योत फुंकून दागिन्यावर नेतो, तशी ज्योत तेव्हाचे खनिजशास्त्रज्ञ दगडाच्या कणावर नेत. स्वीडनच्या अॅक्सेल क्रोन्स्टेट यांनी १७५६ मध्ये पाहिलं की एक दगड तापवला की फसफसतो, उकळल्यासारखा. झेओ (उकळणं) + लिथॉस: झिओलाइट. उकळत होतं ते खनिजाच्या बारीक नळ्यांत अडकलेलं पाणी. फ्रान्सच्या रने-जुस्त आयुई यांनी १८०६ मध्ये दुसरा दगड पाहिला. तापला की पापुद्रे सुटून पडत. आपो (अप, दूर) + फिलॉन (पान) + आइट: अपोफिलाइट, पानगळ होणारा. तिसरा तापल्यावर किड्यासारखा वळवळत वाकला. स्कोलेक्स म्हणजे अळी: स्कोलेसाइट.

आणि हे तीनही प्रयोग घरच्या गॅसवर करायचे नाहीत. आतल्या पाण्याची वाफ झाली की कपच्या डोळ्याकडे उडतात. शिवाय इकडच्या अपोफिलाइटमध्ये फ्लोरीन असतं, जोरात तापवलं तर विषारी हायड्रोजन फ्लोराइड सुटू शकतं. नाव वाचा, प्रयोग मनात करा.

न तापवता काय दिसतं ते पाहू. अपोफिलाइटचा चौकोनी खांब घ्या. त्याला एकाच दिशेला उत्तम पाटन असतं, म्हणजे तो त्या प्रतलात सपाट फुटतो. खांबाचं माथं दिव्याखाली सावकाश तिरकं करा: बाजूच्या पृष्ठांवर काचेची चमक, माथ्यावर आतून येणारी मोत्यासारखी. थरांमधल्या बारीक फटींवरून प्रकाश परततो म्हणून. मासळीच्या डोळ्यासारखी ती चमक पाहूनच या दगडाचं एक जुनं नाव पडलं होतं, इक्थिऑफ्थॅल्माइट: इक्थिस (मासा) + ऑफ्थॅल्मॉस (डोळा) + आइट. आपण एका शब्दात म्हटलं असतं, मीनाक्षी. टिकलं असतं तर बरं झालं असतं. लक्षात असू द्या, झिओलाइटांच्या शेजारी वाढलं तरी अपोफिलाइट स्वतः झिओलाइट नाही. त्याची घडण थरांची. विक्रेते सगळ्यांना सरसकट झिओलाइट म्हणतात.

स्टिल्बाइट, 'स्टिल्बेइन' म्हणजे चकाकणं. गव्हाच्या पेंढीसारखा, मध्ये आवळलेला आणि दोन्हीकडे फुललेला. त्याचीही मोती चमक एकाच पृष्ठावर. स्कोलेसाइट आणि मेसोलाइट दोन्ही पांढऱ्या सुयांचे झुबके. मेसॉस म्हणजे मधला, कारण घटकांच्या हिशेबात ते नॅट्रोलाइट आणि स्कोलेसाइट यांच्या मध्ये येतं. नुसत्या डोळ्यांनी हे वेगळे ओळखता येत नाहीत, आणि कुणी येतात म्हणत असेल तर त्याने प्रयोगशाळेचा कागद दाखवावा. गायरोलाइट, 'गिरॉस' म्हणजे वर्तुळ; भिंगातून गोल चकत्यांचे गोळे दिसतात. अनाल्साइम, अन् + अल्के (बळ), घासल्यावर वीज कमजोर निर्माण होते म्हणून. हा गुण आज ओळखीसाठी कुणी वापरत नाही, नाव मात्र राहिलं.

हे सगळे ज्या पोकळ्यांत वाढतात त्या भरल्या की दगडाला 'अमिग्डलॉइडल' म्हणतात. अमिग्डाले म्हणजे बदाम, पुढे -ऑइड. फोडलेल्या काळ्या दगडात पांढरे लांबट दाणे दिसले की ते बदाम. आणि काळा दगड, बसाल्ट? हा शब्द लॅटिन हस्तलिखितात बिघडलेला 'बासानाइटेस' आहे असं मानतात. बासानॉस म्हणजे सोनं पारखायचा काळा दगड. म्हणजे कसोटी. आपण खनिजाच्या रेघेलाही 'कस' म्हणतो, तेव्हा पुण्याच्या दगडाचं नाव आपल्याला भाषांतराशिवाय कळायला हरकत नव्हती.

आता कोन. कोनमापकाला जाड कागदाची पट्टी टाचणीने जोडली की साधा गोनिओमीटर तयार: गोनिया + मेट्रॉन, जानु + मात्रा. कॅल्साइटचा फुटलेला तिरका ठोकळा घ्या, त्याला ऱ्होम्बोहेड्रन म्हणतात (ऱ्होम्बॉस म्हणजे दोरीने फिरवायची भिंगरी). बोथट कडेपाशी शेजारच्या दोन पृष्ठांमधला कोन सुमारे १०५ अंश यायला हवा. १०२ आला तर तुम्ही दोन पृष्ठांऐवजी एकाच पृष्ठाच्या दोन कडांमधला कोन मोजला आहे. जवळजवळ प्रत्येक नवखा हे करतो. पट्टी कडेला काटकोनात, दोन्ही पृष्ठांना टेकवून धरा.

त्याच ठोकळ्याखाली कागदावर शाईचा ठिपका ठेवा. दोन दिसतात. ठोकळा एक सेंटिमीटर जाड असेल तर ठिपक्यांत सुमारे एक मिलिमीटर अंतर पडतं. डेन्मार्कच्या रास्मुस बार्थोलिन यांनी १६६९ मध्ये ही गोष्ट लिहून ठेवली.

गॉगल आणि लॅपटॉप

लॅपटॉपवर पूर्ण पांढरं पान उघडा. पोलरायझ्ड गॉगलची काच पडद्यासमोर धरून फिरवा; एका कोनात ती काळी होते. तिथेच थांबा आणि पडदा व काच यांच्या मध्ये कॅल्साइट किंवा गारगोटीचा पारदर्शक तुकडा धरा. उजळला तर अनायसोट्रॉपिक. दगड पूर्ण एक फेरी फिरवला तर चारदा उजळेल, चारदा विझेल. साधी काच अंधारीच राहील, ती आयसोट्रॉपिक.

तीन ठिकाणी चूक होते. प्लास्टिकची पुडी किंवा ताण पडलेली काच मध्ये आली तर तीही रंग दाखवते, म्हणून दगड पिशवीतून काढून धरा. अपोफिलाइट माथ्याकडून पाहिलं तर जवळजवळ अंधारच राहतं, कारण त्या दिशेने तो सगळीकडे सारखा आहे. बाजूने पाहा, फिकट का होईना उजळतो. तिसरं, दगड फार जाड किंवा दुधाळ असेल तर काहीच निष्कर्ष काढू नका.

कॅव्हॅन्साइटचा एखादा सुटा बारीक स्फटिक मिळाला तर काचेचा काळेपणा सोडून फक्त गॉगलमधून, मागे पांढरा उजेड ठेवून पाहा. पडदा बंद, साधा दिवा. स्फटिक फिरवला की निळा गडद होतो आणि जवळजवळ रंगहीन होतो. प्लेओन (अधिक) + ख्रोस (रंग): प्लिओक्रोइझम.

'पोलरायझेशन' या शब्दाबद्दल एक सांगायला हवं. एतिएन मालूस यांनी १८०८ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडकीतलं मावळतीचं प्रतिबिंब कॅल्साइटमधून पाहिलं आणि दोन प्रतिमांपैकी एक फिरवताना मंद होते हे त्यांच्या लक्षात आलं. प्रकाशाच्या कणांना चुंबकासारखे ध्रुव असावेत अशी त्यांची कल्पना. पोलॉस म्हणजे आस, ध्रुव. कल्पना मागे पडली, शब्द उरला, आणि आपण 'ध्रुवण' म्हणताना तीच जुनी कल्पना मराठीत आणली. म्हणून मूळ अर्थाला व्याख्या समजू नका. क्रिस्टलॉस म्हणजे बर्फ. गारगोटी हे कधीच न वितळणारं बर्फ आहे असं प्राचीन लोक समजत. आपल्या 'गार' शब्दाचे दोन अर्थ आठवा.

शेवटी काही खड्डे

अॅसिड. कॅल्साइट की झिओलाइट हे ठरवायला तुटक्या कोपऱ्यावर व्हिनेगरचा एकच थेंब टाका. कॅल्साइटवर बारीक बुडबुडे येतात, भिंगातून पाहा. लगेच पाण्याने धुवा. संडास साफ करायच्या अॅसिडमध्ये नमुना 'स्वच्छ' करायला बुडवला तर स्कोलेसाइट-नॅट्रोलाइट सुयांचा चिकट लगदा होतो. ओकेनाइट या खनिजाच्या पांढऱ्या कापूसगोळ्याला तर पाणीही लावू नका आणि बोटही. तंतू एकदा चिकटले की परत फुलत नाहीत. गुलाबी किंवा निळा कापूसगोळा विकायला आला तर तो रंगवलेला आहे असं समजून चाला.

सगळीच नावं ग्रीक नसतात. ओकेनाइट लोरेन्ट्झ ओकेन या जर्मन निसर्गअभ्यासकाचं, ह्यूलँडाइट हेन्री ह्यूलँड या खनिजसंग्राहकाचं. त्यांत मुळं शोधत बसलात तर सापडतीलही, आणि खोटी असतील. कॅव्हॅन्साइट तर कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट यांची अक्षरं जोडून केलेलं नाव, १९६७ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये सापडलेल्या खनिजाचं; पुढे वाघोलीने त्याला प्रसिद्धी दिली. त्यातला व्हॅनेडियम हा उत्तर युरोपातल्या व्हानाडिस देवीवरून. पाषाणच्या हिरव्या अपोफिलाइटचा रंगही याच व्हॅनेडियमचा. कॅव्हॅन्साइटचं जुळं भावंड पेंटॅगोनाइट मात्र अस्सल ग्रीक, पंच + जानु: त्याचे पाच स्फटिक एकमेकांत गुंतून आडव्या छेदात तारा करतात. दोघांचं रसायन एकच, घडण दोन. निळा गोळा-गुलाबासारखा झुबका दिसला तर कॅव्हॅन्साइट. टोकदार उभ्या काड्या असतील तर टोकाकडून भिंग लावून ताऱ्याची खाच शोधा.

जुन्या संग्रहात कधी 'पूनाहलाइट' असं लेबल भेटेल. 'पूना' वरून एकोणिसाव्या शतकात दिलेलं नाव. पुढे ते स्कोलेसाइट-मेसोलाइट कुळातलंच निघालं आणि स्वतंत्र खनिज म्हणून रद्द झालं. तरी ते लेबल फाडून नवं चिकटवू नका. नवं कार्ड खाली ठेवा, जुनं तसंच वर राहू द्या. दगड कुठून आणि साधारण कधी उचलला याचा तेवढाच कागद बहुधा शिल्लक असतो.